मण्यांची माळ निवडताना आधी जोडणी पाहावी

प्रश्न तीन भागांत विचारला आहे. मणी आणि साखळी यांच्या माळांचे प्रकार कोणते व कोणता कशासाठी वापरावा. रोज घालण्यासाठी एकच माळ घ्यायची झाल्यास ती कशी निवडावी. आणि घरात बरीच वर्षे डबीत पडून असलेली मोत्यांची माळ पुन्हा ओवून घेणे योग्य ठरेल का. मी गेली वीस वर्षे मणी ओवण्याचे आणि तुटलेल्या माळा दुरुस्त करण्याचे काम करीत आहे. त्या कामातून पक्के झालेले माझे मत आधी मांडतो आणि मग तिन्ही भागांकडे वळतो.

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या माळांमध्ये मणी फुटलेला असल्याची उदाहरणे फार थोडी असतात. झिजलेला असतो तो दोरा, उघडलेली असते ती कडी, आणि सुटलेला असतो तो फासा, म्हणजे माळेची दोन टोके जोडणारी अडकवण. तरीही माळ निवडताना बहुतेकांचे लक्ष फक्त मण्याच्या रंगावर आणि चमकेवर असते. माझ्या मते माळेचा प्रकार मण्यावरून ठरतच नाही. एक मणी दुसऱ्या मण्याशी कशाने जोडला आहे यावरून तो ठरतो, आणि ती माळ कुठे, किती वेळ व कशावर घालता येईल हेही त्यावरूनच ठरते. मण्याचे छिद्र, म्हणजेच वेज, हा या साऱ्याचा केंद्रबिंदू आहे. दक्षिण आफ्रिकेतील ब्लॉम्बोस गुहेत समुद्री गोगलगाईच्या शंखांचे सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीचे मणी सापडले. ते मणी ओवून अंगावर घातले जात होते, या निष्कर्षाचा एक मोठा आधार म्हणजे छिद्रांच्या कडांवर उमटलेल्या घासण्याच्या खुणा. माळेची झीज तेव्हाही छिद्रापाशीच होत होती आणि आजही तिथेच होते.

जोडणीच्या दृष्टीने पाहिले तर पहिला प्रकार म्हणजे सलग ओवलेली माळ. यात मण्याला मणी भिडलेला असतो, आतून दोरा किंवा तार जाते आणि दोन टोकांना फासा असतो. ही माळ गळ्यावर सर्वांत मऊ आणि गोलाईदार बसते, कारण तिला जागोजागी सांधे नसतात. मणी एकसारखे असोत किंवा मध्यभागी मोठे आणि कडेला लहान होत गेलेले असोत, रंगाचा सलग पट्टा दिसावा अशी इच्छा असेल तर याच प्रकाराला पर्याय नाही. साध्या, एकरंगी, गळ्याशी मोकळ्या कपड्यावर अशी माळ स्वतःच्या बळावर उठून दिसते. भरजरी किंवा मोठ्या छपाईच्या कापडावर मात्र तिचा पट्टा हरवतो. तिचा दोष एकच आहे, पण तो मोठा आहे: दोरा एका ठिकाणी तुटला की सगळी माळ जाते. मणी टपोरे किंवा मौल्यवान असतील तर प्रत्येक दोन मण्यांमध्ये गाठ मारून घ्यावी ती याचसाठी. गाठीमुळे तुटल्यावर फार तर एखादा मणी निसटतो, शिवाय शेजारचे मणी एकमेकांवर घासत नाहीत. गाठींनी माळेची लांबीही वाढते. ६० मण्यांच्या माळेत ही वाढ पाच सेंटिमीटरच्या आसपास जाते, म्हणून गाठी मारून घ्यायच्या असतील तर मण्यांचा हिशोब आधी करावा लागतो.

दुसरा प्रकार तारेच्या कड्यांनी जोडलेल्या माळेचा. प्रत्येक मण्यातून तारेचा छोटा तुकडा जातो, दोन्ही बाजूंना त्याची कडी वळवतात आणि ती कडी पुढच्या मण्याच्या कडीत अडकवतात. कॅथलिक जपमाळेची, म्हणजे रोझरीची, बांधणी अशीच असते, म्हणून या साखळीला रोझरी चेन हे नाव मिळाले. सहा मिलिमीटरचा मणी दोन्ही कड्यांसह सुमारे अकरा मिलिमीटर जागा घेतो, त्यामुळे ४५ सेंटिमीटरच्या माळेला सलग ओवताना जिथे ७५ मणी लागतात तिथे इथे ४० ते ४५ पुरतात. मण्यांमध्ये मोकळी जागा राहिल्याने माळ हलकी व झुळझुळीत दिसते, लांब केली तरी बोजड वाटत नाही, आणि एखादा दुवा तुटला तर तेवढाच बदलता येतो. लांब, कमरेकडे झुकणाऱ्या एकपदरी माळेसाठी आणि दोन-तीन पदर एकत्र घालण्यासाठी मी बहुधा हाच प्रकार सुचवतो.

मात्र या प्रकारात कारागिरीचा फरक लगेच उघडा पडतो. साधी कडी म्हणजे तार नुसती गोल वळवून टोक तारेलाच टेकवलेले. ती ओढ बसली की उघडते. गुंडाळलेल्या कडीत तारेचे टोक कडीच्या मानेभोवती दोन-तीन वेढे देऊन बंद केलेले असते. ती उघडण्यासाठी तारच तुटावी लागते. घेताना प्रत्येक कडी नखाने चाचपून पाहावी. फट लागली तर ती साधी कडी आहे, आणि अशा माळेला जड पदक किंवा लोलक अडकवू नये. कडीचे टोक बाहेर आलेले असेल तर ते केसांत आणि सैल विणीच्या लोकरी कपड्यात अडकते. चांगला कारागीर ते चिमट्याने आत दाबून टाकतो. तारेची जाडीही महत्त्वाची आहे. दगडी मण्यांसाठी ०.६४ मिलिमीटरची, म्हणजे २२ गेजची तार भक्कम असते, पण मोत्याच्या बारीक वेजातून ती जात नाही; तिथे ०.४० मिलिमीटरची, २६ गेजची तार वापरावी लागते आणि मग गुंडाळलेली कडी घेणे अनिवार्य होते.

तिसऱ्या प्रकारात साखळी प्रधान असते आणि मणी ठरावीक अंतरावर येतात. काही ठिकाणी मणी साखळीच्या दुव्यांमध्ये तारेने बसवलेला असतो, तर काही ठिकाणी साखळीवर धातूचे बारीक गोळे डाख देऊन पक्के केलेले असतात. या दुसऱ्या रूपाला बाजारात सॅटेलाइट चेन म्हणतात. मणी नुसताच साखळीत सरकता ठेवलेला असेल तर चालताना सगळे मणी मध्यभागी गोळा होतात आणि रचना बिघडते, म्हणून मणी जागेवर अडवलेले आहेत ना हे माळ हातात उभी धरून पाहावे. सात किंवा नऊ मण्यांत पूर्ण माळ होत असल्याने महाग खडे थोडक्यात वापरता येतात. कॉलरच्या आत, बंद गळ्याच्या वर, कामाच्या कपड्यांसोबत ही माळ कुठेही खटकत नाही.

चौथा प्रकार अनेकांच्या लक्षात येत नाही, कारण तो दागिन्यापेक्षा यंत्रसामग्रीच्या दुनियेतला वाटतो: पोकळ धातूच्या गोळ्यांची साखळी, जिला बॉल चेन म्हणतात. यात ओवणे नसतेच. शेजारच्या दोन गोळ्यांना आतून दोन्ही टोकांना जाड असलेली बारीक दांडी जोडते आणि गोळे तिच्याभोवती मोकळे फिरतात. दिव्याची ओढसाखळी, सैनिकांच्या ओळखपट्ट्यांची साखळी ही याचीच रूपे. दोन-अडीच मिलिमीटरच्या गोळ्यांची अशी साखळी एकट्या धातूच्या पदकासाठी चांगली दिसते, पीळ पडत नाही, आणि जोराचा हिसका बसला तर तिचा जोड सुटतो, ही तिची जमेची बाजू आहे. मानेवरचे बारीक केस मात्र गोळ्यांच्या मध्ये सापडतात, म्हणून ती कपड्याच्या वरून घालणेच सोयीचे. याशिवाय दीड-दोन मिलिमीटरच्या काचमण्यांची सुईदोऱ्याने विणलेली गोल दोरी असते. ती सुंदर दिसते, पण ती विणकामाची कला आहे आणि तिचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा.

प्रकार ठरला की लांबी ठरवावी. प्रचलित मापांत ३५ ते ४० सेंटिमीटरची माळ गळ्याला लागून बसते आणि तिला चोकर म्हणतात. ४३ ते ४८ सेंटिमीटरची गळ्याच्या हाडाच्या खाली येते, ती प्रिन्सेस. ५० ते ६० ची मॅटिनी छातीच्या वरच्या भागावर. ७० ते ८५ ची ऑपेरा त्याहून खाली. आणि त्यापुढची रोप दुहेरी करूनही घालता येते. ही नावे लक्षात ठेवण्याची गरज नाही, पण एक गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी, कारण ती विक्रेते क्वचितच सांगतात: लांबी मण्यांच्या मध्यातून मोजली जाते, तर गळ्याला लागते ती माळेची आतली कड. त्यामुळे मणी जितका जाड तितकी माळ आतून लहान होते, आणि हा फरक मण्याच्या व्यासाच्या सुमारे तिप्पट असतो. दहा मिलिमीटर मण्यांची ४५ सेंटिमीटरची माळ आतून सुमारे ४२ सेंटिमीटरच राहते. चार मिलिमीटर मण्यांच्या माळेत हीच घट सव्वा सेंटिमीटरच्या आसपास असते. ‘तेच माप घेतले, तरी ही माळ गळ्याला आवळते’ ही तक्रार मी असंख्य वेळा ऐकली आहे आणि तिचे कारण जवळजवळ दर वेळी हेच निघाले आहे. मोजमापाचा फीता सैलसर गळ्याभोवती ठेवून जिथे माळ यावी असे वाटते तिथले माप घ्यावे आणि त्यात मण्याच्या व्यासाची तिप्पट मिळवावी. भेट द्यायची असेल आणि माप कळणे शक्य नसेल, तर मागे पाच सेंटिमीटरची जोडसाखळी असलेली माळ घ्यावी. फासा न लावता डोक्यावरून घालायची असेल तर ६५ सेंटिमीटरपेक्षा कमी लांबी चालत नाही.

एकाहून अधिक पदर घालताना दोन पदरांत किमान पाच सेंटिमीटरचे अंतर असावे, नाहीतर ते एकमेकांत गुंततात. सर्वांत खाली सर्वांत जड पदर ठेवला की वरचे पदर आपापल्या जागी राहतात. सगळे पदर सलग ओवलेले असण्यापेक्षा एक सलग, एक कड्यांचा आणि एक नुसती साखळी असा मेळ मला अधिक डोळसपणाचा वाटतो, कारण तिथे प्रत्येक पदराची चाल वेगळी दिसते.

वजनाकडे तर फारच दुर्लक्ष होते. मण्याचा व्यास दुप्पट झाला की त्याच लांबीच्या माळेचे वजन चौपट होते. स्फटिकाच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, चार मिलिमीटर मण्यांची ४० सेंटिमीटरची माळ सुमारे नऊ ग्रॅम भरते, तर आठ मिलिमीटरची सुमारे ३५ ग्रॅम. दहा मिलिमीटरची ५५ ग्रॅमच्या घरात जाते, आणि त्याच मापाचे मणी हेमेटाइटचे असतील तर वजन शंभर ग्रॅमच्या वर जाते, कारण तो लोहयुक्त दगड स्फटिकाच्या जवळजवळ दुप्पट जड असतो. उलट तेवढ्याच आकाराचे अंबरचे, म्हणजे झाडाच्या अश्मीभूत राळेचे, मणी बावीस-तेवीस ग्रॅमच भरतात. दिवसभर बसून काम करणाऱ्या व्यक्तीने पन्नास ग्रॅमच्या वरची माळ रोजच्यासाठी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. संध्याकाळपर्यंत मान अवघडते आणि मग माळ कितीही आवडती असली तरी डबीतच राहते. मोठे मणी हवेच असतील तर ते फक्त पुढच्या भागात घेऊन मागे साखळी लावावी. वजन निम्म्यावर येते आणि मानेमागे मणी रुततही नाहीत.

आता ओवण्याच्या साहित्याविषयी, कारण माळेचे आयुष्य इथे ठरते. रेशमी दोरा मोत्यांसाठी उत्तम, कारण तो मऊ असतो, गाठ घट्ट व बारीक बसते आणि मोत्याच्या वेजाची कड झिजत नाही. पण तो कालांतराने ताणतो, मळतो आणि ओलाव्याने कुजतो. नायलॉनचा पिळाचा दोरा ओलाव्याला अधिक टिकतो आणि गुळगुळीत वेजाच्या दगडी मण्यांना चांगला चालतो. कापीव काचेचे आणि धातूचे मणी यांच्या छिद्रांच्या कडा मात्र धारदार असतात. उमेदवारीच्या दिवसांत मी कापीव काचेची एक माळ रेशमावर ओवून दिली होती आणि ती दोन महिन्यांत तुटून परत आली. दोरा जणू सुरीने कापावा तसा स्वच्छ कापला गेला होता. अशा मण्यांसाठी प्लॅस्टिकचे आवरण असलेली पोलादी बारीक तार वापरावी. ती सात, एकोणीस किंवा एकोणपन्नास तंतूंची मिळते. तंतू जितके अधिक तितकी ती लवचिक असते, म्हणून माळेसाठी एकोणपन्नास तंतूंचीच घ्यावी. ही तार टोकाला धातूची छोटी नळी दाबून बंद करतात. बंद करताना मणी अगदी घट्ट आवळले तर तारेला घडी पडते आणि तिथेच ती तुटते. दोन मिलिमीटरची मोकळीक ठेवलेली माळ वर्षानुवर्षे टिकते. टेबलावर ठेवल्यावर माळ आपोआप वळणदार पसरली पाहिजे. ती कोनात ताठ उभी राहत असेल तर ती अति घट्ट ओवलेली आहे असे समजावे.

मण्यांच्या पदार्थांची जंत्री इथे देत नाही, पण कठीणपणाचा एक नियम सांगणे आवश्यक आहे. खनिजांचा कठीणपणा १ ते १० असा मोजणाऱ्या मोह्सच्या मापावर स्फटिक, अकीक, अमेथिस्ट यांचा कठीणपणा ७ च्या आसपास असतो, पिरोज्याचा ५ ते ६, पोवळ्याचा ३ ते ४, मोत्याचा २.५ ते ४.५ आणि अंबरचा २ ते २.५. कठीण मण्याशेजारी मऊ मणी सलग ओवला की काही महिन्यांत मऊ मण्यावर ओरखडे उठतात. मोती आणि स्फटिक यांचा मेळ डोळ्यांना फार गोड दिसतो, परंतु तो सलग माळेत करू नये. गाठी मारून, मध्ये धातूची चकती घालून किंवा कड्यांच्या माळेतच करावा. स्वस्त रंगीत दगडांच्या बाबतीत ओल्या पांढऱ्या कापसाने एक मणी छिद्राजवळ चोळून पाहावा. कापसावर रंग उतरला तर तो मणी रंगवलेला आहे, आणि तो रंग घामासोबत कपड्यावरही उतरेल.

त्वचेचा प्रश्न बहुतेक वेळा मण्याचा नसून साखळीचा आणि फाशाचा असतो. मानेमागे लाल चट्टे येत असतील तर पहिला संशय निकेलवर, म्हणजे ॲलर्जी करणाऱ्या त्या धातूवर, घ्यावा. युरोपीय संघाच्या नियमानुसार त्वचेशी दीर्घकाळ संपर्कात राहणाऱ्या वस्तूतून दर चौरस सेंटिमीटरमागे आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक निकेल सुटता कामा नये. मुलाम्याखालचा धातू कोणता आहे हे डोळ्यांना कळत नाही आणि मुलामा सर्वांत आधी झिजतो तो मानेमागेच. ज्यांना असा त्रास होतो त्यांनी ९२५ शिक्क्याची चांदी, सोने किंवा टायटॅनियम घ्यावे आणि फासाही त्याच धातूचा आहे याची खात्री करावी. साखळी चांदीची आणि फासा साध्या मिश्रधातूचा, असे मी पुष्कळदा पाहिले आहे.

तेव्हा रोजच्या एका माळेचा प्रश्न असेल तर माझे उत्तर असे आहे: ४५ सेंटिमीटरच्या आसपासची, साखळी प्रधान असलेली, चार ते सहा मिलिमीटरच्या स्फटिक, अकीक किंवा अमेथिस्टच्या मण्यांची माळ घ्यावी, मणी गुंडाळलेल्या कड्यांनी बसवलेले असावेत, आणि फासा एका हाताने उघडता येईल इतका मोठा पण भक्कम असावा. मोती, पिरोजा आणि पोवळे रोजच्या घामाला व अत्तराला तोंड देण्यासाठी नाहीत. मोती आणि पोवळे हे कॅल्शियम कार्बोनेटचे बनलेले असतात आणि सौम्य आम्लानेही त्यांचा पृष्ठभाग खराब होतो, तर पिरोजा सच्छिद्र असल्याने तेल शोषून हिरवट पडतो. म्हणून त्या माळा अत्तर आणि केसांचा फवारा वापरून झाल्यावर, सर्वांत शेवटी घालाव्यात आणि घरी आल्यावर सर्वांत आधी उतरवून मऊ कापडाने पुसाव्यात. ओवलेली कोणतीही माळ खुंटीला टांगून ठेवू नये, कारण स्वतःच्या वजनाने दोरा ताणतो. ती सपाट ठेवावी. साखळीच्या माळा मात्र टांगलेल्याच बऱ्या, म्हणजे गुंता होत नाही.

एक इशारा प्रश्नात नसतानाही देतो. लहान बाळाच्या गळ्यात मण्यांची माळ कधीही घालू नये, दात येताना उपयोगी पडते म्हणून विकली जाणारी अंबरची माळ तर मुळीच नाही. झोपेत अशा माळेने गळा आवळला जाऊन अठरा महिन्यांच्या बाळाचा मृत्यू झाल्याची नोंद झाली होती, आणि त्यानंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये या माळांविरुद्ध पालकांना सावध केले. तुटलेल्या माळेचा मणी घशात अडकण्याचा धोका वेगळाच आहे.

राहिला घरातल्या जुन्या मोत्यांच्या माळेचा प्रश्न. ती पुन्हा ओवून घ्यावी, आणि घालण्याआधीच ओवून घ्यावी. माळ दोन्ही हातांत आडवी धरून मोती हलकेच एका बाजूला सरकवावेत. गाठ आणि मोती यांच्यामध्ये दोरा दिसू लागला, किंवा दोरा पिवळट-काळा पडला असेल, तर तो कधीही तुटेल. नियमित वापरातल्या मोत्यांची माळ दर एक-दोन वर्षांनी नव्याने ओवावी लागते, मग इतकी वर्षे पडून राहिलेल्या रेशमावर विश्वास ठेवण्याचे कारणच नाही. कारागिराकडे देण्यापूर्वी मोती मोजून संख्या लिहून ठेवावी आणि पूर्ण माळेचे, तसेच फाशाचे जवळून छायाचित्र घ्यावे. जुन्या माळांत मोती बहुधा मध्याकडे मोठे होत गेलेले असतात आणि त्यांचा क्रम रंगाच्या बारीक छटांनुसारही लावलेला असतो, म्हणून दोरा एकदम कापू न देता, खाचांच्या फळीवर एकेक मोती त्याच क्रमाने उतरवून घेण्याची विनंती करावी. एखाद्या मोत्याचे वेज झिजून मोठे झाले असेल तर तो फाशाजवळ घ्यावा, कारण तिथे दोरा दुहेरी असतो आणि वेज भरून निघते. जुना फासा शक्यतो बदलू नये. त्याची कळ सैल झाली असेल तर ती दुरुस्त होते, आणि माळ कोणत्या काळातली आहे याची खूण अनेकदा त्या फाशावरच असते.